कलेक्टरिणीच्या पाठीवरची गादी

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं होतं. तरी लिहिलं, कारण पत्राची रीत आहे. त्यात तुझं कौतुक समजू नकोस.

रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, फुलं वाहून झाली आणि मग भाषणं सुरू झाली. माणूस गेला की त्याच्यातून एकदम किती गुण बाहेर पडतात! तू वक्तशीर होतास म्हणे. तू मितभाषी होतास म्हणे. मी मान खाली घालून सतरंजीचे दोरे उसवत बसले होते, कारण वर बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

शेवटी तुझ्या ऑफिसातले वाघमारे उठले. "दादांना घोड्यांची फार पारख होती," त्यांनी सुरुवातच अशी केली. पारख! आणि मग ती गोष्ट सांगितली. बहिणीनं हौसेनं खोगिराखालची गादी शिवली, ती गादी रुतून घोडीची पाठ सोलली, घोडीनं भर मिरवणुकीत दादांना पाडलं. पण दादांचं मन एवढं मोठं, की त्यांनी जन्मात बहिणीला एका शब्दानं दुखावलं नाही. टाळ्या वाजल्या, दादा. पुण्यानुमोदनात टाळ्या! मंडपातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वहिनीनं माझ्या मांडीवर हात ठेवला, मला माफ केल्यासारखा.

म्हणून हे पत्र. चाळीस वर्षं ही गोष्ट तुझ्या विनोदाची होती, तोवर मी मूग गिळून बसले. आता ती तुझ्या मोठेपणाची झाली. हे मी गिळणार नाही. गादी मी शिवली होती, खरं आहे. त्या दिवशी घोडीच्या पाठीवर ती गादी नव्हती, हेही खरं आहे. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं आणि त्या बिचाऱ्या घोडीला माहीत होतं.

आठवतं ना, लातूर नवानवा जिल्हा झाला होता? पावसानं पाठ फिरवली होती, विहिरींचे तळ दिसत होते, टँकर आला की वस्तीतल्या बाया घागरी घेऊन पळत सुटायच्या. आणि तू? तू नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून लागलास आणि असा चालायला लागलास, जणू उस्मानाबादपासून लातूर तूच ओढून वेगळं केलंस. घरात पाणी मागतानासुद्धा 'जिल्हा पातळीवर' असं काहीतरी बोलायचास. शिरूर अनंतपाळचे आपले पाहुणे आले की त्यांना कचेरीच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत ते सांगायचास. ते बिचारे ऐकून घ्यायचे.

त्या हिवाळ्यात तू माळेगावच्या जत्रेला गेलास आणि येताना घोडी घेऊन आलास. चारा नव्हता म्हणून लोक जनावरं विकून मोकळे होत होते, आणि आमचे कारकूनसाहेब जनावर घेऊन घरी! चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. "पंचकल्याणी हाय," म्हणून तू वस्तीभर मिरवलंस. तू पाय बघितलेस, कपाळ बघितलंस, शेपटीची लांबी बघितलीस. पाठीवरून एकदा हात फिरवलास का रे? वस्तीनं तिचं नाव ठेवलं कलेक्टरीण. ते नाव तुला टोमणा मारायला ठेवलं होतं, आणि तुला तो मान वाटला!

एका गोष्टीला मात्र मी हसणार नाही. घोडी का आणलीस ते मला माहीत होतं. आपल्या आप्पांच्या लग्नात घोडं नव्हतं. गावच्या चावडीपुढून आपल्या माणसानं घोड्यावर बसून जायची सोय नव्हती, म्हणून वरात मागच्या पांदीनं पायी गेली. नव्या जिल्ह्याची पहिली जयंती, निळ्या झेंड्यांची मिरवणूक, आणि तिच्या पुढं घोडीवर आप्पांचा मुलगा! आप्पा ओसरीवर बसून घोडीकडं नुसतं बघत राहायचे. घोडीवर बसायचा तुझा हक्क होता, दादा. तिची पाठ सोलायचा नव्हता.

मी तेव्हा नांदेडला नर्सिंग शिकत होते. सुट्टीत आले तर कलेक्टरीण कुणाला जवळ येऊ देत नव्हती. माशी बसली तरी तिचं सगळं अंग थरथरायचं. खरारा दाखवला की कान मागं. तू रेग्झिनची स्पंज भरलेली गादी आणली होतीस, लाल रंगाची, सोफ्यासारखी. तिच्याखाली घाम साचायचा, गादी घसरायची आणि कलेक्टरीण पोटाखालचा तंग आवळताना चावायला यायची. तुझं निदान काय? "खोडील हाय." झालं! साहेबांनी शेरा मारला, फाईल बंद.

नालबंद चाँदभाईंना मी बोलावलं, तू नाही. म्हातारा आला, नाल बघायच्या आधी त्यानं तिच्या पाठीवर उलटा हात फिरवला आणि म्हणाला, "बेटी, ही खोडील न्हाई. हिची चमडी कागदावानी हाय. हिला लोकर पाहिजे, अन् ती बी धुतलेली."

मग तू काय केलंस? हैदराबादहून कुणाकडून तरी मेंढीचं लोकरीसकट कातडं मागवलंस. वरून मऊ, पांढरं, दिसायला झकास. चाँदभाईंनी ते उलटं करून मागची बाजू तुझ्या नाकाशी धरली. नीट कमावलेलं नव्हतं. "घाम लागला की पापड व्हईल याचा," ते म्हणाले. "चांगलं कमावलेलं आसतं तर याच्यासारखं दुसरं काई न्हाई. पर हे न्हाई." तू ते कातडं उचलून आपल्या खुर्चीवर टाकलंस आणि त्याच्यावर बसायला लागलास. पहिल्याच उन्हाळ्यात त्याला वास सुटला आणि वहिनीनं ते उकिरड्यावर नेऊन टाकलं.

तिसरी गोष्ट तू बाजारातून आणलीस. नवं कोरं काळं घोंगडं, चिंचोक्याची खळ दिलेलं, असं कडक की उभं केलं तर उभं राहील. तुला ते रुबाबदार वाटलं. त्यावर चाँदभाई काय म्हणाले ते तुझ्यासमोर म्हणाले, मी शेजारीच उभी होते. "साहेब, हे माणसाला पांघराया हाय. घोडीच्या पाठीवर ही खळ घामानं भिजंल, चिकट व्हईल अन् वाळली की खरपुडी धरंल. क्येस उपटून निघत्याल. हे घालू नका." तू 'हाव हाव' म्हणालास. तुला तेव्हापासून सगळं माहीत होतं, एवढंच मला इथं लिहून ठेवायचंय.

गादी मी केली. आजीचं पांढुरकं घोंगडं घेतलं, वापरून वापरून दुपट्यासारखं मऊ झालेलं. तरी रिठ्याच्या गरम पाण्यात तीनदा धुतलं. पाणी कुठलं? टँकरच्या पाण्यातली माझ्या वाटची घागर. दोन दिवस मी ओल्या फडक्यानं अंग पुसून काढलं, आणि तू विचारलंस, "एवढं ऊन तापतंय, तू अंघोळ का नाही केलीस?" वाह रे पारखी!

चाऱ्यासाठी फिरत आलेल्या धनगरांचा वाडा माळावर उतरला होता. तिथल्या ठकूबाईनं कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर दिली, जावळ. हातात घेतली तर हातात काही आहे असं वाटू नये इतकी हलकी. ती मी दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत भरली. मधोमध, मणक्यावर, मोकळी पन्हळ ठेवली. शिवण सगळी बाहेरच्या कडेला घेतली, खोगिराखाली एक टाकासुद्धा येऊ दिला नाही. हे मला कुणी शिकवलं? वॉर्डातल्या सिस्टरनी. अंथरुणात पडून असलेल्या पेशंटच्या पाठीखाली चादरीची एक चुणी राहिली तर तिथं जखम होते, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. पाठ माणसाची असो की घोडीची, तिला चुणी कळते.

चाँदभाईंनी कलेक्टरिणीला तास दीड तास फिरवून आणलं आणि गादी उचलून पाठ दाखवली. सगळीकडे सारखी ओली. "कोरडा डाग दिसला आसता तर तिथं दाब हाय म्हणायचं," त्यांनी सांगितलं. "एक बी न्हाई. बेटी, पास झालीस." आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा कलेक्टरिणीनं माझ्या खांद्यावर तोंड टेकलं. मला एवढा आनंद नर्सिंगच्या परीक्षेत पास झाले तेव्हासुद्धा झाला नाही.

जयंतीला मी नव्हते. माझी वॉर्डात ड्युटी होती, रजा मिळाली नाही. तू कसा सजला असशील ते मी न बघताच सांगते. पांढरे कपडे, इस्त्री, निळा फेटा. आणि मग तुझी नजर गादीवर गेली. जुनी, पांढुरकी, ठिगळाची! नव्या जिल्ह्याचे अधिकारी बघणार, आणि खोगिराखालून म्हातारीचं घोंगडं डोकावणार? ती काढून तू गोठ्यात टाकलीस. खळीचं काळं घोंगडं चौपदरी केलंस, त्याचा जाड काठ नेमका घोडीच्या खांद्यांच्या वरच्या हाडावर आणलास आणि वरून मखमलीची झूल टाकलीस, म्हणून खाली काय आहे ते आप्पांनाही दिसलं नाही.

एप्रिलचं ऊन, ढोलताशे आणि तीन तासांची मिरवणूक. पुढचं मला वस्तीतल्या दहा बायांनी दहा वेळा सांगितलं. कलेक्टर कचेरीच्या फाटकासमोर तू हात वर करून घोषणा दिलीस, खोगिरात जोरानं मागं बसलास आणि कलेक्टरीण उडाली. तू पडलास तो थेट पाणपोईवर. दोन रांजण फुटले. त्या दुष्काळात, दादा! लोकांनी तुला उचलायच्या आधी पाण्याकडं बघून कपाळावर हात मारला. एक बाई तर म्हणाली म्हणे, "ह्याचं हाड मोडलं आसतं तरी चाललं आसतं, रांजण ऱ्हायला पाहिजे हुता." मला ती बाई अजून आवडते.

पडलास, ठीक आहे. कुणीही पडतं. पण कपडे झटकत उठलास आणि आप्पा धावत आले, तेव्हा तू पहिलं वाक्य काय बोललास? "सुजीनं शिवलेली गादी रुतली, आप्पा."

इतक्या सहज! मी दीडशे किलोमीटरवर कुणाच्यातरी जखमेला पट्टी बांधत होते, आणि तू तिकडं माझ्यावर ढकलून मोकळा झालास.

दोन दिवसांनी मी आले. कलेक्टरीण गोठ्यात भिंतीकडं तोंड करून उभी होती. पाठीवर तळहाताएवढं कातडं निघालेलं, कडेनं खळीचे पोपडे आणि जखमेत काळ्या लोकरीचे तंतू. काळे, दादा! माझी गादी पांढुरकी होती. मी चिमट्यानं एकेक तंतू काढून पांढऱ्या कापसावर ठेवत होते आणि तू दारात उभा राहून बघत होतास. मी तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालास, "जास्त दुखवू नकोस तिला." मला म्हणालास!

तेवढ्यात आप्पा आले. ते रागावले नाहीत, तेच वाईट झालं. हळूच म्हणाले, "बाई, आता हिला हात नको लावू. तुझ्या हातानं आधीच झालंय ते लई झालं." मी तोंड उघडलं. तू मान खाली घातलीस. मला वाटलं, आता तूच सांगशील, आत्ता, या क्षणी. मोठा भाऊ आहे, सांगेलच. मूर्ख होते मी. तू घसा खाकरलास आणि चहा झाला का विचारायला आत गेलास.

त्यानंतर पावसाळ्यात तू घोडी विकलीस आणि मला पत्रानंसुद्धा कळवलं नाहीस. गोष्ट मात्र ठेवून घेतलीस. लग्नकार्यात, बारशात, ऑफिसच्या सहलीत, सगळीकडं तीच. मी नर्स झाले, सिस्टर झाले, वॉर्डाची इन्चार्ज झाले. तरी घरात कुणाला इंजेक्शन द्यायला गेले की पाहुणे हसत म्हणायचे, "जपून गं, घोडीवानी सोलशील!" आणि तू सगळ्यांत मोठ्यानं हसायचास. आप्पा शेवटच्या आजारात वहिनीकडूनच मलमपट्टी करून घ्यायचे. शिकलेली नर्स घरात, आणि बापाला तिच्या हाताची भीती! ते गेले तेव्हा त्यांच्या मनात माझा हात तसाच होता. ही माझी खरी जखम आहे. ती तू केलीस.

आणि मग तुझी पाळी आली. शेवटचे चार महिने तू अंथरुणात. दर दोन तासांनी मी तुला कुशीवर वळवलं, चादर ताणली, पाठ कोरडी केली, टाचांखाली उशी दिली. चार महिन्यांत तुझ्या पाठीवर एक लाल डागसुद्धा उठला नाही. डॉक्टर म्हणाले, "ताई, अशी पाठ क्वचित बघायला मिळते." तू डोळे मिटून पडला होतास, पण जागा होतास. मला कळतं. मी थांबले. म्हटलं, आता बोलेल. दोनच शब्द पुरे होते, माझं चुकलं. डॉक्टर गेले. तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "चहात साखर कमी पडली बघ." अरे, काय माणूस तू!

तुला वाटत असेल, ही इतकी वर्षं कशाच्या आशेवर बसली होती? या माणसाच्या तोंडून खरं निघेल असं हिला वाटलंच कसं? ते आता सांगते. जिवंतपणी सांगितलं नाही, कारण मला ते तुझ्याकडून हवं होतं.

घोडी विकलीस त्याच्या पुढच्या वर्षी माहूरच्या यात्रेत आमच्या आरोग्य पथकाची ड्युटी लागली. गडाच्या पायथ्याशी सामान वाहणारी जनावरं उभी होती. त्यांच्यात चार पांढरे पाय दिसले. मी धावत गेले. कलेक्टरीण! अंगानं भरलेली, पाठीवर, खोगिराच्या पुढं, जखमेच्या जागी पांढऱ्या केसांचा ठिपका, आणि खोगिराखाली माझी गादी. माझे टाके मी ओळखणार नाही?

मालक साधा माणूस होता. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. "हात लावा, मॅडम, भिऊ नका," म्हणाला. "लई गुणी हाय. फकस्त ही गादी सोडून दुसरं काई चालत न्हाई तिला."

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"ज्यानं इकली त्यानंच. लातूरचा कारकून हुता. टेम्पोतनं तिकडं गावात उतरला अन् गडापस्तोर पायी आला, घोडीवर बसला न्हाई. म्हणला, हिच्यावर खळीचं घोंगडं कधी घालू नको. म्या घातलं हुतं, मिरवाया, अन् पाठ सोलली. ही गादी माज्या बहिणीनं शिवली हाय, हीच घाल. तिचा हात लई हलका हाय म्हणला. अन् मॅडम, एवढा मोठा माणूस, बोलताना डोळ्याला पाणी आलं हुतं त्याच्या."

मी तिथंच एका दगडावर बसले. तुला सगळं बोलता येत होतं, दादा! सगळे शब्द होते तुझ्याकडं, अगदी जागच्या जागी. ते तू माहूरच्या गडापाशी एका अनोळखी माणसाला देऊन आलास आणि घरी रिकामा परतलास. तिथून परतल्यावर मी तुझ्या घरी आले, समोर बसले, तू कचेरीच्या गप्पा मारल्यास. पुढच्या वेळी बोलेल म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. अशी चाळीस वर्षं गेली. मला तुझा तिरस्कार वाटतो तो घोडीवरून पडलास म्हणून नाही, खोटं बोललास म्हणूनसुद्धा नाही. खरं बोलायची ताकद असून ती तू घरात वापरली नाहीस म्हणून वाटतो. आणि तो इतका वाटतो, याचाही मला राग येतो, कारण परक्या माणसाबद्दल एवढं काही वाटत नाही.

आता वाट बघणं संपलं. तुला वचन देते. पहिल्या स्मृतिदिनाला वाघमारेंच्या आधी मी उठेन आणि माईक हातात घेईन. वहिनी समोर असेल, आप्पांचा फोटो तुझ्या फोटोशेजारी असेल. माझ्या पदरचं मी एक अक्षर बोलणार नाही. त्या माणसाला तू जे सांगितलंस, तेच तुझ्याच शब्दांत सांगेन. 'म्या घातलं हुतं, मिरवाया, अन् पाठ सोलली.' आप्पांच्या फोटोकडं तोंड करून सांगेन, दोनदा सांगेन, त्यांना ऐकू कमी यायचं. नंतर लोकांनी तुझ्या मोठ्या मनासाठी टाळ्या वाजवल्या तर खुशाल वाजवू देत. घोडीला पुढं त्रास होऊ नये म्हणून तू परक्यासमोर मान खाली घातलीस, तेवढ्या टाळ्या तुझ्या आहेत. बहिणीसाठी ती मान तुला खाली घालता आली नाही, ती मी तुझ्या वतीनं घालेन.

जिच्या गादीनं कुणाचीही पाठ सोलली नाही,
ती तुझी बहीण,
सुजाता